डिझेल खरंच ‘कोरडं’ झालंय का?

मार्केट यार्डाजवळच्या पेट्रोल पंपावर थोडा वेळ थांबलं, तर एखादा पिकअपवाला डिझेल भरण्याआधी टाकीत टू-टी ऑइलची, म्हणजे टू-स्ट्रोक दुचाकीच्या तेलाची, पुडी रिकामी करताना हमखास दिसतो. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘बीएस-सहाचं डिझेल कोरडं आहे. त्यातलं सल्फर काढलं, आता ते इंजिनाचा पंप खातं.’ (बीएस म्हणजे भारत स्टेज, वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारं सरकारी मानक.) गॅरेजमध्येही हेच ऐकू येतं. या समजुतीत अर्धं सत्य आहे आणि ते अर्धं फार सुंदर आहे. म्हणून ते नीट उलगडून पाहू.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या डिझेलमध्ये 1 टक्क्यापर्यंत, म्हणजे दर दहा लाख भागांत 10,000 भाग सल्फर चालत असे. बीएस-4 मध्ये ही मर्यादा 50 भागांवर आली आणि 1 एप्रिल 2020 पासून, बीएस-सहामध्ये, देशभर 10 भागांवर. हवेसाठी आणि धूर गाळणाऱ्या यंत्रणेसाठी ते आवश्यकच होतं. पण सल्फर स्वतः वंगण नव्हतं. ते काढण्यासाठी रिफायनरीत डिझेल 300 ते 400 अंश सेल्सिअसला, प्रचंड दाबाखाली, हायड्रोजनसोबत उत्प्रेरकावरून नेतात. सल्फर हायड्रोजनला चिकटून वायूरूपात निघून जातं. मात्र जाताना ते एकटं जात नाही. ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेले काही रेणूही याच प्रक्रियेत मोडतात किंवा बदलतात. डिझेलला ओशटपणा होता तो या रेणूंमुळे.

तो ओशटपणा लागतो कुठे? इंजिनाला वेगळं ऑइल असतं, पण डिझेलचा हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर यांच्या आत ते ऑइल पोचत नाही. तिथे वंगण म्हणजे खुद्द डिझेलच. पंपाचा प्लंजर (मागेपुढे सरकणारा दांडा) आणि त्याची नळी यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तीन हजाराव्या भागांची, फट असते आणि आजच्या कॉमन रेल इंजिनात, जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल मिळतं, दाब 1,600 बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 1,600 पटींच्या, पुढेही जातो. पृष्ठभाग वेगात सरकत असतील तर द्रवाचा पातळ थर त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. पण वेग कमी आणि भार जास्त असला की तो थर फाटतो आणि धातू धातूला भिडू लागतो.

या क्षणी कामाला येतात ते दोन टोकांचे रेणू. एका टोकाला ऑक्सिजन असलेलं ‘डोकं’, ज्यावर विद्युतभाराची थोडी ओढाताण असते. दुसऱ्या टोकाला सोळा-अठरा कार्बनची लांब शेपटी. डोकं पोलादाच्या पृष्ठभागाला धरून बसतं आणि शेपट्या बाहेरच्या बाजूला उभ्या राहतात, चिखलात मूळ धरून दाटीनं उभ्या असलेल्या भाताच्या रोपांसारख्या. हा थर एका रेणूइतका, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षाही पातळ असतो, तरी धातूला धातूपासून वेगळं ठेवायला तो पुरतो. घासून उखडला तर द्रवातले नवे रेणू येऊन जागा भरतात. शुद्ध हायड्रोकार्बनला हे जमत नाही, कारण त्याला पकड घेणारं डोकंच नसतं.

हे मोजतातही. 6 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी, तिच्यावर 200 ग्रॅमचा भार, खाली पोलादी चकती आणि दोन मिलिलिटर इंधन. 60 अंशांना ती गोळी सेकंदाला 50 वेळा, एक मिलिमीटरच्या अंतरात, 75 मिनिटं घासायची. मग गोळीवर पडलेला घासल्याचा डाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. भारतीय मानक आयएस 1460 नुसार हा डाग 460 मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. स्वीडनमध्ये 1991 नंतर अतिशय कमी सल्फरचं डिझेल आलं, तेव्हा गाड्यांचे इंजेक्शन पंप भराभर निकामी झाले आणि त्यातून जगाला हा धडा मिळाला. आज रिफायनरी सल्फर काढल्यावर त्यात गरजेप्रमाणे ओशटपणा देणारं द्रव्य अगदी सूक्ष्म प्रमाणात मिसळते. थोडक्यात, पंपावरचं बीएस-सहा डिझेल या कसोटीला उतरूनच आपल्याकडे येतं. ‘कोरडं’ डिझेल रिफायनरीत असतं, आपल्या टाकीत नाही.

मग हाच ओशटपणा देऊ शकणाऱ्या बायोडिझेलचं, म्हणजे वनस्पती तेलापासून बनवलेल्या इंधनाचं, काय? वनस्पती तेलाची मिथेनॉलशी क्रिया घडवली की ग्लिसरीन वेगळं होतं आणि मिथाइल एस्टर मिळतात. हे एस्टर म्हणजे वर सांगितलेले दोन टोकांचे रेणूच. अमेरिकेत 2007 मध्ये डिझेल पिकअपच्या शौकिनांनी बाजारातली अनेक ॲडिटिव्ह (डिझेलमध्ये वरून मिसळायची द्रव्यं) एका प्रयोगशाळेत तपासून घेतली. मुद्दाम द्रव्य न मिसळलेलं, खरोखर कोरडं डिझेल घेतलं, त्याचा डाग 636 मायक्रॉन आला. 2 टक्के सोयाबीन बायोडिझेल घातल्यावर तो 221 वर आला. दोनशे भागांत एक भाग टू-स्ट्रोक ऑइल घातल्यावर 474 वर. काही बाटल्यांनी तर झीज वाढवली! एकच चाचणी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, पण तिचा कल रसायनशास्त्राला धरूनच आहे. टू-टी ऑइल दुचाकीच्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. बीएस-सहा पिकअपच्या इंजेक्टरला आणि काजळी गाळणाऱ्या फिल्टरला ते डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं नाही.

एक गंमतीची गोष्ट अशी की अतिशय शुद्ध केलेल्या एस्टरपेक्षा त्यात उरलेली मुक्त फॅटी ॲसिड आणि मोनोग्लिसराइड यांची धातूवरची पकड अधिक घट्ट असते, कारण त्यांच्या डोक्यावर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, असतो. पण तेच मोनोग्लिसराइड जास्त झाले की थंडीत फिल्टरमध्ये गाळ धरतात. म्हणून मानकात त्यांच्यावर मर्यादा आहे.

आता खरा मुद्दा. पृष्ठभागावर रेणूंना जागा मर्यादित असते. एकदा ती भरली की आणखी रेणू ओतून ओशटपणा फारसा वाढत नाही. म्हणजे 1-2 टक्क्यांत जे मिळतं, त्याच्या दहापट काही 20 टक्क्यांत मिळत नाही. खर्चाची बाजू मात्र टक्क्यांबरोबर वाढत जाते. शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे 8 टक्के कमी असते. 20 टक्के मिश्रणात हा फरक दीड-दोन टक्के, तो चालवण्याच्या सवयीत लपून जातो. पण बायोडिझेल पाणी जास्त धरतं, हवेशी संयोग पावून लवकर खराब होतं आणि जुन्या टाकीतला साचलेला गाळ सोडवतं. दहा-बारा वर्षांच्या पिकअपमध्ये पहिल्यांदा मोठं प्रमाण भरलं की फिल्टर चोंदतो, तो याच कारणानं.

थंडीचा प्रश्नही रेणूच्या आकारातच आहे. आपल्याकडे हॉटेलांच्या वापरलेल्या तेलात पामतेलाचा वाटा मोठा. त्यातला मिथाइल पामिटेट सरळ शेपटीचा, दाटीनं रचला जाणारा. तो 30 अंशांच्या आसपासच गोठतो. ओलिक ॲसिडच्या एस्टरच्या शेपटीत दुहेरी बंधामुळे वाक असतो, म्हणून तो उणे 20 अंशांपर्यंत द्रव राहतो. निफाडला जानेवारीत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा पहाटे द्राक्षं घेऊन निघणाऱ्या पिकअपमध्ये पाम-बायोडिझेलचं मोठं प्रमाण असलं तर मेणासारखे स्फटिक आधी फिल्टरमध्ये दिसतील.

बीएस-सहा गाड्यांसाठी आणखी एक सावधगिरी. काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी बऱ्याच इंजिनांत थोडं इंधन उशिरा फवारलं जातं. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खालच्या ऑइलमध्ये झिरपतं. साध्या डिझेलचा बराच भाग नंतर उडून जातो. बायोडिझेल 330 ते 350 अंशांना उकळतं, त्यामुळे ते तिथेच राहून ऑइल पातळ करतं. आयएस 1460 मध्ये डिझेलात 7 टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुभा आहे. त्यापुढे जायचं असेल तर आधी गाडीचं माहितीपुस्तक उघडा.

ॲव्हरेज वाढवणाऱ्या बाटल्यांबद्दल एकच सांगतो. इंजेक्टर साफ ठेवणारी डिटर्जंट खरी असतात, सीटेन, म्हणजे डिझेल किती पटकन पेट घेतं त्याचा अंक, वाढवणारी रसायनंही खरी असतात. पण बीएस-सहा डिझेलचा सीटेन अंक मुळातच किमान 51 असतो आणि कुठल्याही थेंबानं लिटरमधली ऊर्जा वाढत नाही. टाकीत डांबरगोळ्या टाकणाऱ्यांनी तर हे ऐकाच: सीटेनची मोजपट्टी बनवताना शून्याच्या खुणेसाठी जो पदार्थ निवडला होता, तो मिथाइल नॅप्थॅलीन, म्हणजे डांबरगोळीचा सख्खा भाऊ. पेट घ्यायला अतिशय नाखूश म्हणूनच त्याची निवड झाली होती.

बायोडिझेल घ्यायचंच असेल तर आयएस 15607 मानकाचं आणि परवानाधारकाकडूनच घ्या. गुजरातेत आणि महाराष्ट्रात ‘बायोडिझेल’ या नावाखाली भलतीच द्रावणं विकणाऱ्यांवर धाडी पडल्या आहेत. तसल्या द्रवात दोन टोकांचे रेणू नसतात. 2018 च्या जैवइंधन धोरणानं 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेलचं लक्ष्य ठेवलं आहे आणि त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वापरलेलं तळणाचं तेल गोळा करण्याची योजना सुरू केली. हे तेल पुन्हा कढईत न जाता इंधनात गेलं, तर प्रत्येक लिटर डिझेलबरोबर पंपाला त्याचं वंगण आपोआप मिळेल. तोवर पिकअपवाल्यांनी टू-टीच्या पुडीचे पैसे डिझेल फिल्टरसाठी ठेवावेत आणि फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी वेळच्या वेळी काढावं. त्या पाण्यानं गंजलेला प्लंजर कुठल्याच वंगणानं पूर्ववत होत नाही.