युनिकोड कोणाचे, फाँट कोणाचा आणि बिलात पैसे कशाचे?

अक्षरजुळणीसाठी मजकूर देताना ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात, की युनिकोडचे वेगळे पैसे पडतील का. काही जण ‘युनिकोडमध्ये करून द्या’ असे सांगतात तेव्हा त्यांच्या मनात खरे तर ‘मंगल’ हा फाँट असतो. युनिकोड आणि फाँट या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांची मालकी वेगळी आहे, परवानेही वेगळे आहेत. छापलेल्या पुस्तकाची मूळ फाइल पुढे कोणाच्या हातात राहणार, हे याच फरकावर अवलंबून असल्यामुळे हे पत्रक आम्ही थोडे सविस्तर लिहिले आहे.

युनिकोड म्हणजे अक्षरांना दिलेले क्रमांक. ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे आणि तो पुण्यातल्या संगणकावर जो आहे तोच टोकियोतल्या मोबाइलवरही आहे. देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागांचा मुख्य गट असून त्यातली मांडणी भारतातच तयार झालेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीच्या १९८८ सालच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. ते अक्षर कसे दिसावे, त्याची वेलांटी किती वळावी, हे मात्र युनिकोड सांगत नाही. ते काम फाँटचे आहे.

हे क्रमांक ठरवणारी संस्था म्हणजे युनिकोड कन्सॉर्शियम. नफा न कमावण्याच्या तत्त्वावर ती १९९१ च्या जानेवारीत अमेरिकेतील कॅलिफोर्नियात नोंदवली गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोड प्रमाणाची, म्हणजे सर्वांनी पाळायच्या या क्रमांकांच्या ठरीव मानकाची, पहिली आवृत्ती आली. ‘युनिकोड’ या नावाचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क आणि प्रमाणाच्या लिखित मजकुराचा स्वामित्वहक्क या संस्थेकडे आहे. क्रमांक वापरण्यासाठी मात्र ती कोणाकडूनही शुल्क घेत नाही. प्रमाणाचा मजकूर फुकट वाचता येतो. अक्षरांची माहिती असलेल्या फाइली कोणीही घ्याव्यात, बदलाव्यात, आपल्या विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्येही घालाव्यात, फक्त हक्काची सूचना सोबत ठेवावी, असा तिचा परवाना आहे. म्हणूनच आमच्या बिलात युनिकोडची ओळ कधीच नसते.

मग संस्थेचा खर्च कोण चालवते? मुख्यतः सभासदांची वर्गणी. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲडोबी अशा कंपन्या वर्गणी भरतात आणि त्यांना तांत्रिक निर्णयांत मत मिळते. भारत सरकारही या संस्थेचे सभासद राहिलेले आहे. २०१५ च्या अखेरीस अक्षर दत्तक देण्याची योजना सुरू झाली. त्यात १००, १,००० किंवा ५,००० डॉलर देऊन एखाद्या अक्षराचे पालकत्व घेता येते. त्याने अक्षरावर कोणताही हक्क मिळत नाही, केवळ देणगीदार म्हणून नाव नोंदले जाते. मताचा अधिकार वर्गणीशी जोडलेला असणे ही आमच्या मते या व्यवस्थेची कमकुवत बाजू आहे. तरीही नवे अक्षर सुचवणारा प्रस्ताव कोणालाही पाठवता येतो. मराठीला लागणारा ‘ॲ’ २००८ साली ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी तो ‘अ’ला चंद्र जोडून लिहिला जात असे, दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे असल्यामुळे जुन्या फाइलीत शोध घेताना आजही गफलत होते.

फाँटची गोष्ट निराळी आहे. फाँटच्या फाइलीच्या ज्या ‘ओपनटाइप’ नावाच्या रचनेत आजचे फाँट तयार होतात, ती मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी यांनी मिळून आणली आणि २००७ साली तिच्यावरून आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. रचना सर्वांना खुली आहे, परंतु तिच्यात बसवलेला प्रत्येक फाँट ही त्याच्या निर्मात्याची मालमत्ता असते. काही फाँट विकत घ्यावे लागतात आणि त्यांचा परवाना किती संगणकांसाठी आहे, तो छपाईपुरता आहे की संकेतस्थळासाठीही, हे तपासावे लागते. काही फाँट ‘ओपन फाँट लायसन्स’खाली मिळतात, उदाहरणार्थ ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा गूगलचे ‘नोटो’. ते छपाईत, पीडीएफमध्ये, व्यावसायिक कामातही विनाशुल्क वापरता येतात, त्यांत बदलही करता येतो. एवढेच की नुसता फाँट सुटा विकता येत नाही आणि बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. या फाँटमध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकाला तो परवाना लागू होत नाही. पुस्तक आपलेच राहते.

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीत सर्रास वापरले जाणारे फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवत असत, आणि कोणता तुकडा कुठे हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवी. त्यामुळे तो फाँट नसेल तर लेखकाला स्वतःचाच मजकूर वाचता येत नसे. आमच्या संग्रहातल्या अशा काही फाइली आज आमच्यासाठीही कुलूपबंद आहेत आणि याची आम्हाला मनापासून खंत वाटते. युनिकोडमध्ये एकदा दिलेला क्रमांक पुढे काढला किंवा हलवला जात नाही, असे संस्थेचे जाहीर धोरण आहे. आम्ही नवे काम केवळ युनिकोडमध्येच घेतो, ते प्रामुख्याने या कारणाने.

जुन्या फाँटमधला मजकूर असल्यास फाँटचे नेमके नाव आणि मजकुराची एक छापील प्रत सोबत द्यावी. रूपांतराचे सॉफ्टवेअर बहुतेक अक्षरे बरोबर आणते, पण ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातल्या वाक्यात समुद्र येतो. म्हणून अशा मजकुराचे मुद्रितशोधन आम्ही दोनदा करतो, आणि त्याचेच पैसे बिलात ‘रूपांतर व शोधन’ या नावाने लावलेले असतात.