रांग भरली की काय होतं : लिनक्समधल्या मेसेज क्यूंची व्यवस्था

एका यंत्रावर दोन प्रोग्रॅम चालू आहेत असं धरू. पहिला तापमापकाकडून सेकंदाला १०० नोंदी घेतो, दुसरा त्या डिस्कवर लिहितो. दोघांच्या मध्ये लिनक्स कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) सांभाळलेली मेसेज क्यू, म्हणजे संदेशांची रांग, आहे आणि प्रत्येक नोंद ६४ बाइटची आहे. महिनोन्‌महिने काही बिघडत नाही. मग कधीतरी डिस्क दुसऱ्याच कामात गुंतते आणि लिहिणारा प्रोग्रॅम पाच सेकंद थांबतो. तेवढ्यात ५०० नोंदी येतात. लिनक्सवर रांगांच्या दोन पद्धती आहेत, सिस्टिम व्ही आणि पॉझिक्स. रांग सिस्टिम व्ही पद्धतीची असेल तर तिची मूळ मर्यादा १६,३८४ बाइट, म्हणजे अशा २५६ नोंदी. ती अडीच सेकंदांत भरते. पॉझिक्स पद्धतीची असेल आणि आकार सांगितलाच नसेल, तर तीत फक्त १० संदेश मावतात. ती सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात भरते. पुढचा संदेश पाठवायला गेलेला पहिला प्रोग्रॅम त्या कॉलमध्येच (कर्नलकडे केलेल्या मागणीतच) अडकतो आणि तापमापक वाचणंही थांबतं. अडचण होती डिस्कची, बंद पडलं मोजमाप.

हे टाळायचं तर रांग कुणाची असते ते आधी नीट कळायला हवं. एक प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) सहसा दुसरीच्या मेमरीत डोकावू शकत नाही. त्यांच्यातली देवाणघेवाण कर्नलच्या हातून होते. पाइपही हे काम करतो, पण पाइपमधून बाइट सलग वाहतात, एक निरोप कुठे संपला ते वाचणाऱ्याला शोधावं लागतं. मेसेज क्यूमध्ये प्रत्येक संदेश अखंड राहतो: ६४ बाइट पाठवले तर एका वाचनात ६४ बाइटच हाती येतात. शिवाय पाठवणारा निघून गेला तरी संदेश कर्नलमध्ये शिल्लक राहतो. हीच या साधनाची ताकद आणि बहुतेक तक्रारींचं मूळही. प्रोग्रॅम कोसळला की त्याची मेमरी आणि उघड्या फायली कर्नल आपोआप आवरतं. रांग मात्र आवरत नाही. ती कुणीतरी काढेपर्यंत किंवा यंत्र रीबूट होईपर्यंत तशीच राहते, आतल्या जुन्या संदेशांसकट.

लिनक्सवर दोन घराणी आहेत. सिस्टिम व्हीची मुळं बेल लॅब्जमधल्या अंतर्गत युनिक्समध्ये आहेत आणि १९८३ च्या सिस्टिम व्हीबरोबर ती पद्धत सगळीकडे पसरली. पॉझिक्सची रांग १९९३ च्या रिअल-टाइम मानकातून आली. लिनक्स कर्नलमध्ये ती २००४ साली २.६.६ आवृत्तीत दाखल झाली. नवा प्रोग्रॅम फक्त लिनक्ससाठी लिहायचा असेल तर पॉझिक्स घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे रांगेला नाव असतं, आणि लिनक्सवर तिचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या रांगेचा क्रमांक) फायलीसारखाच असल्याने ईपोलमध्ये, म्हणजे अनेक स्रोतांवर एकदम नजर ठेवणाऱ्या कर्नलच्या सोयीत, नेटवर्क सॉकेटच्या शेजारी बसवता येतो. सिस्टिम व्हीचा ओळख क्रमांक ईपोलला चालत नाही. मात्र प्रोग्रॅम मॅकओएसवरही चालवायचा असेल तर लक्षात ठेवा, तिथे पॉझिक्स रांगा नाहीतच.

सिस्टिम व्हीमध्ये रांग शोधण्यासाठी एक आकडी की (किल्ली) लागते, आणि ती बहुतेक जण एफटॉक या फंक्शनकडून घेतात. त्याला एका फायलीचा पत्ता आणि एक छोटा क्रमांक द्यायचा. एफटॉक फायलीचं नाव मात्र वापरत नाही. फायलीच्या आयनोड क्रमांकाचे (फाइल सिस्टिमने फायलीला दिलेल्या क्रमांकाचे) खालचे १६ बिट, डिव्हाइस क्रमांकाचे ८ आणि आपण दिलेल्या क्रमांकाचे ८ असे मिळून ३२ बिट तयार करतं. म्हणून सर्व्हर चालू असताना कुणी ती फाइल पुसून त्याच नावाने पुन्हा बनवली, तर आयनोड बदलू शकतो आणि नवा क्लायंट वेगळ्याच कीने वेगळ्याच रांगेपाशी जातो. दोन्हीकडे कुठलीच चूक छापली जात नाही, फक्त उत्तर येत नाही. की साठीची फाइल कुणी सहसा हात लावणार नाही अशा जागी ठेवावी. लॉग किंवा तात्पुरत्या फाइलवर की कधीच बेतू नये.

संदेशाची बांधणी करतानाही काही चुका ठरलेल्या आहेत. सिस्टिम व्हीच्या संदेशात सुरुवातीला लाँग (सी भाषेतला मोठा पूर्णांक) आकाराचा प्रकार-क्रमांक असतो आणि तो शून्याहून मोठाच लागतो. शून्य दिलं तर पाठवण्याचा कॉल ईइनव्हॅल (चुकीची माहिती दिल्याची चूक) देऊन परत येतो. पाठवताना जी लांबी सांगायची तिच्यात हा क्रमांक धरायचा नाही. पूर्ण स्ट्रक्चरचा आकार दिला तर ६४-बिट यंत्रावर कर्नल आठ बाइट जास्तीचे उचलतं, म्हणजे स्ट्रक्चरच्या पलीकडची मेमरी दुसऱ्या प्रोसेसच्या हाती जाते. आणि संदेशात पॉइंटर ठेवू नये. तो पत्ता पाठवणाऱ्याच्या मेमरीतला आहे. वाचणाऱ्याकडे त्या पत्त्यावर भलतंच काही असेल किंवा काहीच नसेल. मजकूर प्रत्यक्ष संदेशात घालावा. एका संदेशाची मूळ कमाल मर्यादा दोन्ही घराण्यांत ८,१९२ बाइट आहे. छायाचित्रासारखी मोठी वस्तू शेअर्ड मेमरीत (दोन्ही प्रोसेसना दिसणाऱ्या मेमरीत) ठेवून रांगेतून फक्त तिचा क्रमांक पाठवणं बरं, कारण रांगेतला प्रत्येक बाइट दोनदा नकलला जातो: एकदा कर्नलमध्ये जाताना, एकदा बाहेर येताना.

वाचण्याच्या बाजूला दोघांची शिस्त वेगळी आहे. सिस्टिम व्हीमध्ये वाचणारा निवड करू शकतो: प्रकार ० मागितला तर सर्वांत जुना संदेश, ५ मागितला तर प्रकार ५ चा पहिला, उणे ५ मागितला तर १ ते ५ मधला सर्वांत लहान प्रकाराचा. बफर (संदेश उतरवून घ्यायची जागा) अपुरा पडला तर ईटूबिग ही चूक मिळते आणि संदेश रांगेतच राहतो; 'एमएसजी_नोएरर' हा पर्याय दिला असेल तर संदेश कापून हाती येतो आणि उरलेला भाग कायमचा जातो. पॉझिक्समध्ये निवड नाही, अग्रक्रम आहे. लिनक्सवर तो ० ते ३२,७६७; मोठा आकडा आधी, सारख्या आकड्यांत जुना आधी. इथे बफर रांगेच्या कमाल संदेशाइतका तरी हवाच. संदेश २० बाइटचा असला तरी रांग ८,१९२ ची असेल आणि बफर १०० चा, तर वाचन ईएमएसजीसाइझ ही चूक देऊन नाकारलं जातं. नवशिक्यांची पहिली अडखळ बहुधा हीच.

आता मूळ प्रश्नाकडे, रांगेच्या आकाराकडे. आधी हिशोब करावा: वाचणारा जास्तीत जास्त किती वेळ थांबू शकतो, त्याला सेकंदाला येणाऱ्या संदेशांनी गुणावं आणि दुप्पट धरावं. आपल्या उदाहरणात १,००० नोंदी. सिस्टिम व्हीमध्ये त्यासाठी ६४,००० बाइट हवेत. रूट (यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून 'सिसकंट्रोल -डब्ल्यू कर्नल.एमएसजीएमएनबी=६५५३६' दिलं की त्यानंतर बनणाऱ्या रांगांना ही मर्यादा लागू होते. आधीच असलेल्या रांगेची मर्यादा एमएसजीसीटीएल कॉलने, 'आयपीसी_सेट' वापरून वेगळी वाढवावी लागते. पॉझिक्समध्ये 'एफएस.एमक्यू.एमएसजी_मॅक्स' हा नियम १० वरून १,००० वर न्यायचा आणि रांग उघडताना कमाल संदेश १,००० व आकार ६४ असं सांगायचं. इथे 'एमक्यू' या जागी कर्नलमध्ये 'mqueue' हे पूर्ण रूप आहे, तेच टाइप करावं. हे बदल रीबूटनंतरही टिकायला हवेत तर ते सिसकंट्रोलच्या संरचना-फायलीत लिहावे लागतात.

पॉझिक्सचा आणखी एक हिशोब आहे. प्रत्येक वापरकर्त्याला सर्व रांगा मिळून ८,१९,२०० बाइटची मर्यादा असते आणि रांगेची पूर्ण जागा ती बनवतानाच त्यातून राखून ठेवली जाते, संदेश असोत वा नसोत. ६४-बिट यंत्रावर दर संदेशामागे सुमारे ९६ बाइट व्यवस्थेचेही धरले जातात. म्हणून आकार न सांगता बनवलेली एक रांग १० गुणिले ८,२८८, म्हणजे ८२,८८० बाइट अडवते. अशा नऊ रांगा बनतात, दहावी बनत नाही. येणारी चूक ईएमफाइल असते, 'फार फायली उघडल्या' असं सांगणारी, आणि माणूस उगाच फायली मोजत बसतो. आपली १,००० नोंदींची रांग मात्र १,६०,००० बाइटमध्ये आरामात बसते. आकार नीट सांगण्याचा हा फायदा.

आकार कितीही घेतला तरी रांग केव्हातरी भरणारच, त्यामुळे तेव्हा काय करायचं हे कोडमध्ये लिहिलेलं हवं. थांबून राहणं चालत असेल तर काही करायला नको. थांबणं परवडत नसेल तर नॉनब्लॉकिंग, म्हणजे वाट न पाहता, पाठवावं. जागा नसेल तर लगेच ईअगेन ही चूक मिळते. मग तापमानासारख्या बाबतीत एक जुनी नोंद काढून नवी टाकता येते, आणि किती नोंदी गळल्या ते मोजून लॉगमध्ये लिहावंच. पैशांचे व्यवहार असतील तर गाळणं शक्य नाही. तिथे पाठवणाऱ्याने मागे सरून विनंतीच नाकारावी. ठरावीक वेळ थांबणारा 'एमक्यू_टाइम्डसेंड' कॉलही आहे, पण त्याला 'दोन सेकंद' असा अवधी देऊन चालत नाही, घड्याळातली प्रत्यक्ष वेळ द्यावी लागते. नुसतं २ दिलं तर कर्नल ते १ जानेवारी १९७० नंतरचे दोन सेकंद समजतं, आणि भरलेल्या रांगेवर कॉल क्षणात मुदत संपल्याचं सांगून परततो.

सर्वांत त्रासदायक कोंडी एकाच रांगेत दोन्ही दिशांची वाहतूक घातल्याने होते. सिस्टिम व्हीमध्ये हा मोह पडतो: विनंत्या प्रकार १ ने, उत्तरं क्लायंटच्या प्रोसेस क्रमांकाने, रांग एकच. क्लायंट वाढले की विनंत्यांनीच रांग भरते. सर्व्हर एक विनंती काढतो, तेवढ्यात मोकळ्या जागेत दुसऱ्या क्लायंटची विनंती घुसते, आणि उत्तर टाकायला जागा न उरल्याने सर्व्हर अडकतो. क्लायंट उत्तराची वाट पाहत आहेत, सर्व्हर जागेची. कुणीच हलत नाही. क्लायंट मेला तर त्याचं उत्तर कुणीही वाचत नाही आणि जागा कायमची अडते. पुढे तोच प्रोसेस क्रमांक नव्या प्रोग्रॅमला मिळाला तर त्याला जुनं उत्तर मिळतं. विनंत्यांची रांग वेगळी, उत्तरांची वेगळी ठेवावी आणि सर्व्हरने उत्तर नेहमी नॉनब्लॉकिंग पाठवावं.

संदेश आल्याची सूचना मागवणारा 'एमक्यू_नोटिफाय' कॉल वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. रिकाम्या रांगेत पहिला संदेश आला की कर्नल कळवतं, पण एकदाच. पुन्हा नोंदणी करावी लागते. आधी पुन्हा नोंदणी, मग ईअगेन येईपर्यंत रांग उपसणं, हाच क्रम ठेवावा. उलट केलं तर दोन्हींच्या मधल्या क्षणात आलेला संदेश रांगेत राहतो, रांग रिकामी नसल्याने पुढे कुठलीच सूचना येत नाही आणि प्रोग्रॅम झोपलेला राहतो. ईपोल वापरलं तर ही कसरत टळते.

चालू रांगांची पाहणी सोपी आहे. सिस्टिम व्हीसाठी 'आयपीसीएस -क्यू' प्रत्येक रांगेतले संदेश आणि बाइट दाखवतं; '-पी' जोडलं की शेवटचा पाठवणारा आणि शेवटचा वाचणारा कोण, '-टी' जोडलं की कधी. संदेश वाढत आहेत, शेवटचं वाचन तासापूर्वीचं आहे आणि तो वाचणारा प्रोसेस यादीत नाही, तर निदान झालंच. नको असलेली रांग 'आयपीसीआरएम -क्यू' आणि तिचा क्रमांक देऊन निघते, पण आधी खात्री करावी: ती तत्क्षणी जाते, वाट पाहणाऱ्या सर्वांना ईआयडीआरएम (रांग काढून टाकल्याची चूक) मिळतो आणि आतले संदेश परत येत नाहीत. पॉझिक्स रांगा 'डेव्ह' खालच्या एमक्यू (mqueue) डिरेक्टरीत फायलींसारख्या दिसतात. कॅट कमांडने वाचल्यास किती बाइट साचलेत ते कळतं आणि आरएम कमांडने रांग निघते. इथे निघतं ते नाव. ज्यांनी रांग आधीच उघडली आहे त्यांचं काम ती बंद करेपर्यंत चालू राहतं.

कोडमध्ये आकार बदलून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला तरी फरक पडत नाही, ही तक्रारही वारंवार येते. रांग आधीच अस्तित्वात असेल तर रांग उघडणारा 'एमक्यू_ओपन' कॉल नवे आकडे मुकाट्याने दुर्लक्षित करतो. रांग काढून नव्याने बनवावी, आणि सुरुवातीला प्रत्यक्ष आकार विचारून तो अपेक्षेशी ताडून पाहावा. परवानग्यांतही असाच फरक आहे: पॉझिक्समध्ये प्रोसेसचा युमास्क (मागितलेल्या परवानग्यांतून काही वगळणारा आकडा) लागू होतो, त्यामुळे ०६६० (मालक आणि गट दोघांना वाचन-लेखन) मागूनही गटाला लिहिता येत नाही असं घडतं, सिस्टिम व्हीमध्ये युमास्क लागत नाही, जे मागाल तेच मिळतं. तिथे ०६६६ दिलं तर यंत्रावरचा कुणीही रांग उपसून रिकामी करू शकतो.

रांग आपोआप नाहीशी होत असेल तर दोन जागा तपासाव्यात. सिस्टिमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) लॉगिन सेवेत 'रिमूव्हआयपीसी' ही सोय चालू असेल तर सामान्य वापरकर्ता पूर्ण लॉगआउट झाल्यावर त्याच्या सर्व रांगा पुसल्या जातात. एसएसएचने (दूरच्या यंत्रावरून) लॉगिन करून पार्श्वभूमीत चालू ठेवलेला प्रोग्रॅम त्यामुळे रात्रीत मुका होतो. अशी सेवा स्वतंत्र सिस्टिम वापरकर्त्याच्या नावे चालवावी, त्यांना हा नियम लागत नाही. दुसरी जागा कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम चालवायचा वेगळा कप्पा. प्रत्येक कंटेनरला सहसा स्वतःची आयपीसी नेमस्पेस (रांगांसारख्या साधनांचं स्वतंत्र विश्व) मिळते, त्यामुळे एकात बनवलेली रांग दुसऱ्याला दिसतच नाही. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनात पहिला कंटेनर '--आयपीसी=शेअरेबल' देऊन सुरू करावा आणि दुसऱ्याला '--आयपीसी=कंटेनर:' पुढे पहिल्याचं नाव द्यावं. पॉझिक्स रांगेसाठी दोघांच्या वापरकर्ता क्रमांकांनाही परवानगी आहे का ते त्याच वेळी पाहून घ्यावं.