चालायला मोठं दिसून भागत नाही

रेटिनायटिस पिग्मेंटोसा असलेला माणूस दुकानाच्या पाटीवरचं नाव वाचू शकतो आणि त्याच पाटीखाली ठेवलेल्या स्टुलावर आपटतो. या आजारात दृष्टीच्या कडा आधी जातात. नळीतून पाहावा तेवढाच मधला भाग शिल्लक राहतो आणि अंधार पडला की तोही दगा देतो. चालण्यासाठी ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे खऱ्या दृश्यावर संगणकाने काढलेल्या खुणा चढवण्याचं तंत्र, वापरण्याची सगळी धडपड या अडचणीभोवती फिरते.

आधीची यंत्रं मात्र वाचनाच्या अंगाने घडली होती. १९९०च्या दशकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने नासाच्या मदतीने डोक्यावर चढवायचं उपकरण केलं. कॅमेऱ्यातलं दृश्य मोठं आणि ठळक होऊन डोळ्यांपुढच्या पडद्यांवर येई. चेहरा ओळखायला हे उत्तम. पण दृश्य मोठं केलं की आजूबाजूचं चौकटीबाहेर जातं, आणि चालणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

बोस्टनचे दृष्टिसंशोधक एली पेली यांनी २०००नंतर उलट वाट धरली. माझ्या मते खरं वळण हेच. पारदर्शक पडद्यातून नेहमीचं दृश्य दिसत राहतं आणि त्यावर रुंद परिसराच्या नुसत्या बाह्यरेषा, लहान करून उमटतात. म्हणजे उरलेल्या नळीतच कडेचं जगही मावतं.

पुढे अंतर मोजणारे कॅमेरे स्वस्त झाले. ऑक्सफर्डमध्ये स्टीफन हिक्स यांच्या गटाने जवळची वस्तू उजळ दाखवणारे चष्मे तयार केले. २०१९मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने अडथळ्यांवर अंतरानुसार चार ठळक रंग चढवले; चाचणीत रुग्णांच्या धडका निम्म्यावर आल्या. रुग्ण अवघे १० होते, तरी ही घट लहान नाही.

त्याच वर्षी कॉर्नेल टेकच्या संशोधकांनी फक्त जिना हाती घेतला. उतरताना पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात, कड कुठे संपते ते कळत नाही आणि पाय चुकतो. त्यांनी हातातल्या प्रोजेक्टरने थेट पायऱ्यांच्या कडांवर प्रकाशाचे पट्टे टाकले. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या ऑगमेंटेड रिॲलिटी चष्म्यात ते जमेना: त्याचा पडदा इतका अरुंद की पायऱ्या त्यात मावतच नव्हत्या. मग तिथे वेगळ्या खुणा योजाव्या लागल्या.

होलोलेन्सचं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४मध्ये थांबवलं. दरम्यान २०२०पासून आयफोनच्या प्रो मॉडेलांत लायडार, म्हणजे लेसरने अंतर मोजणारा सेन्सर, आला; २०२२पासून असा फोन दार किती अंतरावर आहे तेही सांगतो. पण फोन हातात धरावा लागतो, आणि एका हातात पांढरी काठी आधीच असते.