स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) नेताय? मुलांच्या दम्याबद्दल हे पण वाचून घ्या

पंपाची (इनहेलरची) सवय लागेल का, हे आम्हाला सगळ्यात जास्त विचारलं जातं. नाही लागत. औषध थेट श्वासनळीत जातं म्हणून डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. रोजच्या स्टिरॉइड पंपाने मोठेपणीच्या उंचीत साधारण 1 सेंमीचा फरक पडू शकतो हे खरंय, पण दमा आटोक्यात नसला तर त्यानेही वाढ मागे पडतेच, म्हणून डॉक्टर पुरेल तेवढ्या कमीत कमी डोसवर ठेवतात.

निळा पंप (साल्ब्युटामॉलचा, धाप लागल्यावर घ्यायचा) नळ्या मोकळ्या करतो, आतली सूज मात्र तशीच राहते, ती स्टिरॉइडने उतरते. त्यामुळे 2019 पासून जीना (दम्यावर काम करणारी जागतिक संस्था) हिच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्स म्हणतात की 12 च्या पुढच्या मुलांना नुसत्या निळ्यावर ठेवू नका, आणि आता 6 ते 11 वाल्यांनाही सोबत स्टिरॉइड हवंच. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा (स्टिरॉइड आणि नळ्या मोकळ्या करणारं औषध एकत्र) एकच पंप रोजचा आणि धाप लागल्यावरचा, असंही आता देतात. खूपच जास्त दमा असेल तर 6 वर्षांपासून ओमॅलिझुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत, पण ते स्पेशालिस्टचं काम.

तपासणीत पण बदल झालाय. स्पायरोमेट्रीत (फुफ्फुसांची ताकद मोजणारी टेस्ट) जोरात फुंकावं लागतं, 5-6 वर्षांच्या आधी मुलांना ते जमत नाही, लहानांसाठी ऑसिलोमेट्री, त्यात नुसता शांतपणे श्वास घ्यायचा. फेनो टेस्ट श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजते, ब्रिटनच्या 2024 च्या गाइडलाइनमध्ये लक्षणं असलेल्या 5 ते 16 वयाच्या मुलात 35 पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत 35 भाग) किंवा जास्त आलं तर दमा धरतात.

आता स्पेसर. नेब्युलायझर (औषधाचा फवारा करणारं मशीन) आम्हीही विकतो, तरी सांगतो, बहुतेक मुलांना घरी स्पेसरच पुरतो. पंप हलवा, एका वेळी एकच पफ, मग 5-6 सावकाश श्वास, दुसरा पफ हवा असेल तर परत पंप हलवून. साधारण 4 वर्षांपर्यंत मास्क लावा आणि तो चेहऱ्याला नीट चिकटला पाहिजे, मूल रडत असेल तर औषध आत फारसं जातच नाही. धुताना साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या, फडक्याने पुसायचा नाही, पुसलं की आत स्टॅटिक तयार होतं आणि औषध प्लास्टिकलाच चिकटून बसतं (हे जवळपास सगळेच चुकतात). स्टिरॉइड पंपानंतर चूळ भरायला लावा.

बरगड्या आत ओढल्या जातायत, बोलता येत नाहीये, ओठ निळे पडतायत असं दिसलं तर आम्हाला फोन करत बसू नका, धाप लागल्यावरच्या पंपाचे पफ देत देत सरळ हॉस्पिटल गाठा.

बाकी टेक्निकची शंका असेल तर पंप, स्पेसर आणि मूल, तिघांना घेऊन या, समोर बसून करून बघू.