हातचे सोडून पळत्याच्या पाठी

हाव दाखवणारी मराठी म्हण. अधिकाच्या आशेने निश्चित लाभ सोडला की दोन्ही जातात, असा आशय. शेवटी ‘लागणे’ वा ‘लागू नये’ जोडतात.

उगम : ही म्हण बहुधा पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रातील (लब्धप्रणाश) कथेशी जोडली जाते. तोंडात मांसाचा तुकडा घेतलेली कोल्हीण काठावर आलेला मासा पाहून तुकडा टाकते. मासा पाण्यात उडी घेतो, मांस गिधाड नेते. नवऱ्याचे धन घेऊन जाराबरोबर पळालेली व त्याने नागवलेली स्त्री तिला हसते आणि उलट टोला खाते. (काठावरचा मासा काहींना कृत्रिम वाटतो, ठाण्याच्या खाडीत चिखलावर सरपटणारी निवटी ही मासळी पाहिलेल्यांना वाटू नये.) पाली चुल्लधनुग्गह जातकात (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी क्र. 374) हीच घटना आहे, पण तेथे कोल्हा, मासा व पक्षी ही अनुक्रमे शक्र (इंद्र), त्याचा सारथी मातली व गंधर्व पंचशिख यांची सोंगे आहेत. जातकांतील गाथा (पद्ये) त्यांच्या गद्यापेक्षा जुन्या मानल्या जातात, त्यामुळे कोणती कथा आधीची हे केवळ ग्रंथांच्या काळावरून ठरत नाही. पाण्यातल्या प्रतिबिंबाला भुललेल्या कुत्र्याची ग्रीक-लॅटिन कथा रोमन कथाकार फीड्रसकडे (इ. स. पहिले शतक) आढळते. भारतीय प्राणिकथा बव्हंशी ग्रीसमधून आल्या, असे जर्मन संस्कृतज्ञ थिओडोर बेन्फाय यांचे मत होते (1859). ते आज सरसकट स्वीकारले जात नाही.

म्हणीत मात्र मांस, मासा, पाणी यांपैकी काहीच नाही. त्यामुळे ‘यो ध्रुवाणि परित्यज्य अध्रुवं परिषेवते’ (जो निश्चित सोडून अनिश्चिताच्या मागे लागतो) हे चाणक्याच्या नावावर चालणारे सुभाषित तिला अधिक जवळचे दिसते. कामसूत्रात (सु. तिसरे शतक) लोकायतिकांचे (परलोक न मानणाऱ्या चार्वाकपंथीयांचे) म्हणून दिलेले ‘वरमद्य कपोतः श्वो मयूरात्’, म्हणजे उद्याच्या मोरापेक्षा आजचे कबूतर बरे, हे वचनही त्याच कुळातले, मात्र त्यात हावेची निंदा नाही, केवळ हिशेब आहे.

वापर : ठाणे-नवी मुंबईत ती जागेच्या व्यवहारांत विशेष शोभते : वाढीव चटईक्षेत्रासाठी अडून बसलेली इमारत, बरा देकार नाकारून भाववाढीची वाट पाहणारा भूखंडधारक. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळासाठी (स्थापना 1970) जमिनी गेलेल्या आगरी-कोळी कुटुंबांना ती लावणे गैर. तेथे हातचे सोडले नव्हते, संपादित झाले होते. पुढे साडेबारा टक्के योजनेत (संपादित जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचा विकसित भूखंड परत देणारी) मिळालेल्या भूखंडाच्या विक्रीला ती लागू पडू शकते. ‘तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण जवळची, पण तिचा रोख हावेपेक्षा मूर्खपणावर आहे.