किती वेळ लागेल, ते नक्की सांगा

संध्याकाळी पणजीच्या कदंब बसस्थानकावर म्हापसा शटलची, म्हणजे वाटेत न थांबणाऱ्या बसची, रांग पाहा. शेजारी खासगी बसचा कंडक्टर 'म्हापसा, म्हापसा' ओरडत असतो. वाटेत उतारू कमी मिळाले तर ती बस आधीही पोहोचेल. तरी रांगेतली माणसं सहसा जागची हलत नाहीत.

पैशांचं नुकसान समोर असलं की मात्र माणूस जुगार खेळतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली असा प्रश्न मांडला: ३००० नक्की गमवाल, की ४००० जाण्याची ८० टक्के शक्यता पत्कराल? सरासरी काढली तर दुसऱ्यात ३२०० जातात, म्हणजे तोटा जास्तच. तरी ९२ टक्के लोकांनी दुसराच पर्याय निवडला.

वेळेचं तसं नाही. लक्लेर, श्मिट आणि दुबे या संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिलं की वेळ वाया जाणारच असेल, तर लोक बेभरवशाच्या पर्यायापेक्षा ठरावीक खोळंबा पसंत करतात.

याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. समजा, शटल रोज ४० मिनिटं घेते आणि दुसरी बस कधी २०, कधी ६०. सरासरी सारखीच. पण म्हापशाहून पुढे दोडामार्गची गाडी पकडायची असेल, तर वाचलेली २० मिनिटं स्टँडवर बसूनच जातात. उशिराची २० मिनिटं मात्र गाडी चुकवतात. पैशाची आजची तूट उद्या भरून काढता येते. आज वाचलेला वेळ उद्याच्या उशिरासाठी राखून ठेवता येत नाही.

म्हणून 'साधारण ४० मिनिटं' एवढंच सांगणं प्रवाशाच्या उपयोगाचं नाही. वाटेवरच्या पर्वरीत वाहनं तुंबली तर जास्तीत जास्त किती लागतील, हे फलकावर दिसायला हवं. अनिश्चित प्रतीक्षा जास्त लांब वाटते, असं रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिणाऱ्या डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ सालीच लिहून ठेवलंय.

किती वेळ जाईल याचा धोका आपल्याला नको असतो. त्या वेळाच्या बदल्यात काय मिळेल याचा धोका मात्र आपण सहज पत्करतो. ओकाडा आणि होक या संशोधकांच्या २००४ च्या प्रयोगांत, किंमत पैशाऐवजी वेळेत मोजायची असली की लोक जास्त जोखमीचे पर्याय निवडत होते. वेळेचं मोल पैशाइतकं पक्कं ठरलेलं नसतं, त्यामुळे फळ मिळालं नाही तरी 'तसाही मोकळाच होतो' अशी मनाची समजूत घालता येते. मांडवीकाठी रविवारी गरी टाकून बसलेल्यांना मासा लागेल याची खात्री कुठे असते? बाजारात तेवढ्याच खात्रीवर आगाऊ पैसे मागितले, तर त्यांतले किती जण देतील?