पॉइन्सेट काउंटीतलं अनुदान: करार मालकाशी, घाम बटईदाराचा

अमेरिकेत शेती अनुदानाच्या बातम्या आल्या की कोणत्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, किती डॉलर गेले याचीच मोजदाद होते. काउंटीतल्या काउंटीत ते कुणाच्या हातात पडले, हा खरा जुना वाद. तो समजून घ्यायला आर्कान्सा राज्यातली पॉइन्सेट काउंटी पुरेशी आहे.

1929 साली पौंडाला सोळा-सतरा सेंट असलेला कापूस 1932 मध्ये सहा सेंटांच्या आसपास आला होता. मे 1933 मध्ये रूझवेल्ट सरकारने कृषी समायोजन कायदा केला. पीक कमी घ्या, भाव चढू द्या, नुकसान आम्ही भरून देतो, असा त्याचा रोख. पण तोवर पेरण्या उरकल्या होत्या. मग सुमारे 1 कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकायला लावला. दोन ओळींच्या मधूनच चालायची सवय लावलेली खेचरं रोपांवर पाय द्यायला तयार होईनात, असं त्या काळचे लोक सांगत. पैसा मात्र खरोखर आला, कापड गिरण्यांसारख्या प्रक्रिया करणाऱ्यांवरच्या करातून.

तो आला जमीनमालकाच्या हाती, कारण करार त्याच्याशी होता. 1934च्या कापूस करारात पौंडामागे साडेतीन सेंट पडीक ठेवलेल्या जमिनीचं भाडं आणि एक सेंट भावफरक असे साडेचार सेंट ठरले. अर्धेलीने कसणाऱ्याच्या वाट्याला त्यातला अर्धा सेंट. तोही मालकाने काढून दिला तर! दुकानाची उधारी त्याच्याकडेच असायची, हिशेबाची वहीही त्याचीच. शिवाय पेराच घटल्यावर एवढी माणसं ठेवायची कशाला? शक्यतो बटईदार कमी करू नयेत, असं करारात म्हटलं होतं. त्या ‘शक्यतो’मधून हवा तो मार्ग निघाला. पॉइन्सेटमधल्या टायरोन्झा गावाजवळच्या एका मळेवाल्याने 23 कुटुंबांना घराबाहेर काढलं.

जुलै 1934 मध्ये तिथेच 11 गोरे आणि 7 काळे असे अठरा जण एकत्र आले आणि ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ ही कुळांची आणि बटईदारांची संघटना उभी राहिली. त्या काळच्या अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांची एकच संघटना म्हणजे मारहाणीला आमंत्रणच, आणि ती झालीही. वॉशिंग्टनमध्ये कृषी खात्याच्या काही वकिलांनी बटईदारांना काढता येणार नाही असा कराराचा अर्थ लावला. फेब्रुवारी 1935 मध्ये या वकिलांचे प्रमुख जेरोम फ्रँक आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनाच नोकरीवरून काढण्यात आलं. मळेवाल्यांना दुखवून अमेरिकी संसदेतली, म्हणजे काँग्रेसमधली, दक्षिणेची मतं गमावण्याची सरकारची तयारी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

जानेवारी 1936 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करासकट ती योजना मोडीत काढली. 1938च्या नव्या कायद्याने ती दुसऱ्या रूपात परत आणली. 1996च्या कायद्याने ठरावीक रक्कम जुन्या नोंदलेल्या क्षेत्रावर, म्हणजे ‘बेस एकर’वर, मिळू लागली, यंदा काय पेरलं याच्याशी तिचा फारसा संबंध उरला नाही. 2014 मध्ये ती रक्कम बंद झाली आणि भाव किंवा काउंटीचं सरासरी उत्पन्न पडलं तरच पैसे, असं ठरलं. बेस एकर मात्र कायम राहिले.

पॉइन्सेटमध्ये आता भाताचं मोठं पीक आहे. रोख खंडाने जमीन घेतली असेल तर कायद्याने पैसे कसणाऱ्यालाच मिळतात, 1934च्या उलट. पण बेस एकर जमिनीला चिकटलेले असल्यामुळे खंड ठरवताना मालक ते धरूनच आकडा सांगतो.